हंपीची बाटली, अथणीची बाग

शुक्रवार, बेळगाव

द्राक्षाच्या हंगामात अथणीच्या मामांकडं जायचं आमचं दरवर्षी ठरतं आणि दरवर्षी काहीतरी आडवं येतं. कधी लग्नसराई, कधी ऑडिट, कधी नुसताच कंटाळा. यंदा नंदूनं बंगळूरहून फोन करून सांगितलं, "तिकीट काढलंय, आता नाही म्हणायचं नाही." फेब्रुवारीचा शेवट, म्हणजे बागा तोडणीला आलेल्या आणि बेदाण्याची शेड भरलेली. यापेक्षा चांगला मुहूर्त नाही.

राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमधून नंदू उतरला तो एका खांद्यावर बॅग आणि काखेत टॉवेलात गुंडाळलेली बाटली घेऊन. शाळेत असताना हा मुलगा उसाच्या रसाचासुद्धा वास घेऊन मग प्यायचा. आता बंगळुरात आयटीत आहे आणि उरलेल्या वेळात वाइनचा नाद. बाटली रेड वाइनची, क्रिस्मा इस्टेटची कॅबर्ने सोविन्यों, म्हणजे त्या जातीच्या काळ्या द्राक्षाची. मळा आपल्याच कर्नाटकातला, कोप्पळ जिल्ह्यात, हंपीच्या टेकड्यांच्या मुलखात. हैदराबादच्या औषध उद्योगातले कृष्णप्रसाद आणि उमा चिगुरुपती हे नवरा-बायको त्याचे मालक. दोघंही मॅरेथॉन धावणारे; सातही खंडांवर धावून आलेले. दमछाक सोसायची सवय असल्याशिवाय कोणी हंपीच्या उन्हात कॅबर्ने लावायला जाणार नाही, असं माझं आपलं मत.

या बाटलीचं विशेष म्हणजे तिच्यातलं सगळं द्राक्ष त्याच मळ्यातलं. भारतातले बहुतेक मोठे वाइनवाले शेतकऱ्यांशी करार करतात, दहा गावांची द्राक्षं एकत्र येतात आणि त्यातून दरवर्षी साधारण एकाच चवीचा माल निघतो. त्यात वाईट काही नाही. डेअरीतही तेच चालतं. पण एका मळ्याची वाइन म्हटली की त्या वर्षी त्या जमिनीवर जे झालं ते सगळं बाटलीत येतं. अवकाळी पाऊस आला तर तोही. झाकायला दुसऱ्या गावचं द्राक्ष नसतं.

"मामांना दाखवायची," नंदू म्हणाला.

मामा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला पंढरपूर पायी. मी म्हटलं, "दाखव. पाजायचं बघू नकोस."

संध्याकाळी कॅम्पातून चक्कर मारली, कुंदा ही बेळगावची मिठाई घेतली. खडे बाजारात गर्दी नेहमीचीच. एका बाजूला कन्नड पाटी, दुकानदार मराठीत बोलतोय, गिऱ्हाईक कोकणीत घासाघीस करतंय, आणि गल्ल्यावरचा पोरगा हिंदी गाणं ऐकत बसलेला. बाहेरगावच्या लोकांना बेळगाव म्हटलं की फक्त सीमाप्रश्न आठवतो. आम्हाला रोज भाजीही आणायची असते.

शनिवार, संकेश्वर – चिकोडी – अंकली – अथणी

सकाळी लवकर निघालो, ऊन चढायच्या आत पोचायचं म्हणून. हायवेनं संकेश्वरपर्यंत गाडी झकास पळते. तिथून चिकोडीकडं वळलं की खरा जिल्हा सुरू होतो. बेळगाव जिल्हा केवढा आहे हे असा आडवा कापत गेल्याशिवाय कळत नाही. पश्चिमेला खानापूरचं जंगल आणि भात, पावसाळ्यात चार महिने कपडे वाळत नाहीत. मधल्या पट्ट्यात ऊस. आणि पूर्वेला अथणीची कोरडी हवा, जिथं पाऊस येतो तो पाहुण्यासारखा. पुढं विजापूरपर्यंत हेच. द्राक्ष याच कोरड्या टोकाला का गेलं, ते गाडीच्या काचेतूनच दिसतं. ओली हवा म्हणजे दावण्या, भुरी, करपा हे वेलीचे रोग आणि फवारणीचा खर्च.

वाटेत नंदूचं व्याख्यान सुरू. ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागं गाडी अडकली की तोही एका मळ्यावर अडकायचा. फ्रान्सच्या बर्गंडीत रोमाने-कोंती नावाचा मळा आहे, त्याचं क्षेत्र १.८ हेक्टर. म्हणजे साडेचार एकर. जगातल्या सगळ्यांत महागड्या वाइनमध्ये त्याची गणना. साडेचार एकर! आमच्याकडं एवढी बाग असलेल्या माणसाला कोणी बडा बागायतदारसुद्धा म्हणत नाही.

दुसरा मळा ऑस्ट्रेलियातला, ईडन व्हॅलीतला, 'हिल ऑफ ग्रेस'. हेन्श्के घराण्याचा. तिथले शिराज या वाइनच्या काळ्या द्राक्षाचे जुने वेल १८६०च्या दशकातले. सिरिल हेन्श्केंनी १९५८च्या हंगामापासून त्या एकाच मळ्याची वाइन वेगळी काढायला सुरुवात केली. रस्त्यापलीकडं जर्मन वसाहतवाल्यांनी बांधलेलं जुनं चर्च आहे, त्यावरूनच मळ्याला नाव पडलं.

"दीडशे वर्षांचा वेल?" मी विचारलं. आमच्याकडं बाग पंधरा वर्षांची झाली की लोक म्हणतात, आता काढ आणि नवी लाव. वर्षातून दोनदा छाटणी, एप्रिलमध्ये खरड आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. थंडीत झोपायची मुभा नाही. वेल दमणारच.

अंकलीचा पूल आला. कृष्णा इथं रुंद आणि संथ. थोडं वर, यडूरच्या बाजूला, दूधगंगा तिला मिळते. पावसाळ्यात कल्लोळ-यडूरचा पूल पाण्याखाली गेल्याची बातमी ठरलेली. २००५ आणि २०१९ साली मात्र नदीनं ठरलेलं काही ठेवलं नव्हतं. आता फेब्रुवारीत काठाला मोटारींचे पाइप सोडलेले होते. अथणीच्या बागांची नशिबं या पाण्यावर आणि त्याच्या वरच्या अंगाला पाणी कोण किती घेतो यावर.

मांजरी, कागवाड करत अथणीत शिरलो तेव्हा साडेबारा झाले होते आणि गाडीत बसवत नव्हतं. नंदूनं बाटली पायाशी, ओल्या टॉवेलात ठेवलेली. दर दहा मिनिटांनी टॉवेलावर पाणी.

अथणीत थांबायचं कारण चप्पल. कोल्हापुरी म्हणून आपण जी घालतो त्यातली कितीतरी इथं आणि आसपासच्या गावांत शिवली जाते. एका कारागिराच्या ओसरीवर बसून मी पायाचं माप दिलं. त्यांची बायको वेणी विणत होती, चामड्याच्या दोऱ्याइतक्या बारीक पट्ट्या बोटांत धरून, मान वर न करता. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि कर्नाटकाचे चार, बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, एकत्र घेतले. हे एक शहाणपणाचं काम सरकारांनी केलं. २०२५मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानच्या शोमध्ये असल्याच चपला दिसल्या आणि आरडाओरडा झाला. मी त्यांना विचारलं, तुम्हाला काय वाटलं? ते म्हणाले, "नाव कोल्हापूरचं हुतं तवा बी आमीच शिवत हुतो. आता त्येंचं असलं तर त्येंनी आर्डर द्यावी की."

मामांचं गाव अथणीहून तेलसंगच्या दिशेला. पोचलो तेव्हा मामी दारातच होत्या. "एवढ्या उनाचं कशाला आलासा रं? सांजचं यायचं न्हाई?" हातपाय धुतले, ताक प्यायलो, आडवे झालो. बाटली मामीच्या माजघरात, ज्वारीच्या कणगीमागं, अंधारात. मामींनी विचारलं, "सरबत हाय का?" नंदू म्हणाला, "तसलंच." मी काही बोललो नाही.

रविवार, बाग आणि शेड

सहा वाजता मामांनी उठवलं. "ऊन व्हायच्या आधी बाग बघायची."

मामांची बाग तीन तुकड्यांत. विहिरीचा तुकडा, ओढ्याचा तुकडा आणि वरचा मुरमाड. तिन्ही तुकड्यांत थॉमसन सीडलेस ही बिनबियांची जात, डॉगरिज जातीच्या खुंटावर कलम भरलेली, मांडव वाय पद्धतीचा. बेदाण्यासाठी हाच वाण. त्याच्यातूनच पुढं तास-ए-गणेश निघाला, तासगावजवळच्या बोरगावच्या वसंतराव आर्व्यांच्या बागेत. सोनाका निघाला तो सोलापूरकडच्या नान्नजला, नानासाहेब काळ्यांकडं. या भागात द्राक्षाच्या जाती प्रयोगशाळेपेक्षा शेतकऱ्यांच्या डोळ्यानं जास्त शोधल्या गेल्या. कुठल्या तरी एका काडीला वेगळा घड लागलेला दिसला, ती काडी जपली, वाढवली.

मामांच्या खिशात रिफ्रॅक्टोमीटर, रसातली साखर ब्रिक्समध्ये मोजायचा. पेनपेक्षा थोडा जाड, डोळ्याला लावायचा. मुरमाडातला एक मणी तोडून त्यांनी काचेवर पिळला, झाकण पाडलं, सूर्याकडं धरून बघितलं आणि माझ्या हातात दिला. निळी रेघ तेवीसवर. मग विहिरीच्या तुकड्यात नेलं. तिथं वीस.

"बघ. एकच छाटणी, एकच पाणी, एकच खत. वरच्याला साखर आठ दिस आधी येतीया. मुरमाडाचा बेदाणा मधाच्या रंगावर जातो. हिरीच्या तुकड्याचा लांबट हुतो, हिरवा हुतो. वड्याचा मधलाच."

नंदू माझ्याकडं बघायला लागला. मळ्यामळ्यातल्या फरकावर तो काल दोन तास बोलत होता. इथं एक माणूस पायात स्लिपर घालून तेच सांगत होता, तेही आकड्यासकट.

"मग तीन तुकड्यांचा माल वेगळा ठेवता का मामा?"

"कशाला? शेडमदी सगळा एकच."

शेड बागेच्या पलीकडं उंचवट्यावर, वारा लागावा म्हणून. लोखंडी सांगाड्यावर हिरवी शेडनेट, आत तारेच्या जाळीचे एकावर एक दहा-बारा कप्पे. तोडलेली द्राक्षं क्रेटमध्ये भरून टाकीत बुडवतात. टाकीत लिटरमागं २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल. द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा पांढुरका थर असतो, तो या पाण्यानं विरघळतो आणि आतलं पाणी लवकर बाहेर पडतं. दोन-चार मिनिटं बुडवलं, निथळलं, की बायका कप्प्यांवर घड पसरतात. वरच्या कप्प्यावर चढलेली एक म्हातारी घड असे पसरत होती की दोन घडांत बोटभर जागा राहील, ना जास्त ना कमी. बायका आपापसांत कन्नडमध्ये बोलत होत्या, मामा त्यांना कन्नडमध्ये आणि आम्हाला मराठीत उत्तर देत होते, आणि मध्ये फोन आला तो व्यापाऱ्याचा, तो हिंदीत.

बारा-पंधरा दिवसांत द्राक्ष वाळतं. मग जाळी हलवून झाडणी, देठ काढणं, गंधकाची धुरी, चाळणी, निवड. साधारण चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा. मार्च-एप्रिलात वळवाची एक सर आली की पसरलेला माल काळा पडतो आणि वर्षाचं गणित कोलमडतं. म्हणून सगळे आभाळाकडं बघत असतात. नाशिककडं खायचं द्राक्ष, इकडं वाळवायचं. कारण एकच, ही कोरडी हवा.

मग पेट्या भरून माल तासगाव-सांगलीच्या सौद्याला, नाहीतर विजापूरला. तिथं रंग बघतात, आकार बघतात, गोडी बघतात. गाव कोणी विचारत नाही, तुकडा तर लांबच. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. अथणीचा माल सांगलीच्या बाजारात उतरला की लोकांच्या लेखी तो सांगलीचा. मी हे जरा तावातावानं बोललो. मामा शांत.

"नाव कुनाचं का असंना. दर कुनाचा ते बघ."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजून नाही. मला तरीही वाटतं की फरक जमिनीत कमी आणि गिऱ्हाइकात जास्त आहे. मुरमाडाचा मधाळ बेदाणा वेगळा मागणारा आणि त्याचे जास्त पैसे मोजणारा कोणी असता तर मामांनी तीन शेड बांधल्या असत्या. बर्गंडीतल्या साधूंनी मध्ययुगात मळ्यांच्या हद्दी चाखून चाखून ठरवल्या असं सांगतात, पण त्या हद्दी टिकल्या त्या पुढं शेकडो वर्षं कोणीतरी पैसे देत राहिलं म्हणून.

दुपारी मामा आम्हाला शेजारच्या बागेत घेऊन गेले. शेजाऱ्यांचं नाव इथं लिहीत नाही, त्यांनाच ते नको आहे. पण त्यांच्या बांधावर जे आहे ते बघण्यासारखं आहे. विहिरीच्या कडेनं आठ-दहा वेल, घड लहान, मणी वाटाण्याएवढे, काळेनिळे, गच्च. शिराज!

गोष्ट अशी. महाराष्ट्रानं २००१ साली द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, सांगलीच्या पलूसला वाइन पार्क झालं. कर्नाटकानं २००७मध्ये आपलं धोरण आणलं, वाइन बोर्ड काढलं, आणि बेळगाव-विजापूर-बागलकोटच्या पट्ट्याला कृष्णा खोऱ्याचा वाइन विभाग म्हटलं. त्या काळात कृष्णेच्या दोन्ही अंगांना वाइनच्या द्राक्षाची हवा झाली. एका कंपनीची माणसं आली, काडी दिली, खरेदीचा करार केला. शेजाऱ्यांनी दोन एकर शिराज लावलं. दोन हंगाम माल उचलला. मग २००८-०९च्या मंदीत वाइनचा धंदा बसला आणि तिसऱ्या हंगामात ट्रक आलाच नाही. हे द्राक्ष खायला चालत नाही, बी फार. बेदाण्याला चालत नाही, गर कमी. शेवटी सगळ्या वेलांवर थॉमसनची भरणी केली. "तेवढे कडचे राहिले. पोरं खातात, भोरड्या खातात."

भोरड्या म्हणजे पळसमैना. थव्यानं येतात आणि अर्ध्या तासात घड रिकामे करतात. वाइनचं द्राक्ष त्यांना फार आवडतं, असं ते म्हणाले. तेवढं एक गिऱ्हाईक टिकलं.

नंदूनं मणी तोंडात टाकला आणि डोळे मिटले. मीही टाकला. आधी नुसती साखर, मग जाड साल दातांखाली येते आणि तोंड कोरडं पडतं. बिया चावल्या तर तपकिरी, कुरकुरीत. हिरव्या असत्या तर कडू लागल्या असत्या. सालीनं बोटं जांभळी झाली, पण आतला गर पांढरा. नंदूनं तो बोटावर पिळून दाखवला. "हे बघ, रस बिनरंगीच. रेड वाइनचा लाल रंग सगळा सालीतला. म्हणून रस साली-बियांसकट आंबवायचा. आठ-दहा दिवस साली वर तरंगत राहतात, त्या रोज खाली दाबायच्या. रंग आणि तो तुरटपणा उतरतो तिथंच. पांढऱ्या वाइनला साली आधीच काढून टाकायच्या."

मामांनी रिफ्रॅक्टोमीटर काढला होताच. चोवीस.

"वाइनला किती लागतंय?"

"तेवीस-चोवीस."

"म्हंजी बेदान्याएवढंच." मामांना हे फार आवडलं. "आनि एकरी किती टन काढतात?"

"चांगल्या वाइनला तीन, चार. जास्त काढलं तर चव पातळ होते. मुद्दाम घड काढून टाकतात."

"मुद्दाम?" मामा थांबले. "चार टनात बायकांची मजुरी तर निघंल का?"

नंदू हिशेब करायला लागला, एक टन द्राक्षातून सहा-सातशे लिटर, लिटरला इतक्या बाटल्या, बाटलीला इतके. मामा ऐकत होते, पण त्यांनी मान हलवली ती नकाराची. मधला सगळा कारखाना, पिंपं, वर्षावर्षांचं साठवणं, परवाने. ते कोण करणार?

संध्याकाळी बाटली निघाली. मामींना तोवर कळलं होतं ते सरबत नाही. त्या म्हणाल्या, "देवघराच्या भिंतीला लागून तीन दिस... " दोन दिवस खरं तर, पण ते बोलायची वेळ नव्हती. निर्णय असा झाला की प्यायची ती शेडवर, घरात नाही, आणि भांडी घरातली नकोत. मामेभाऊ सचिन शेडवरचे स्टीलचे पेले घेऊन आला.

रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी म्हणतात ते थंड देशातल्या खोलीला. सोळा ते अठरा अंश. अथणीत फेब्रुवारीच्या संध्याकाळी खोली तीसच्या आसपास असते. सचिननं बाटलीला ओलं गोणपाट गुंडाळून डिपिंगच्या टाकीशेजारी वाऱ्यावर टांगली, वर ठिबकची नळी सोडली. तासाभरात बाटली हाताला गार. नंदू खूश. मग त्यानं ती एका स्टीलच्या जगमध्ये ओतली, हवा लागावी म्हणून. सचिन म्हणाला, "एवढी जपून आनलासा आनि आता जगात ओतलासा?"

जेवणाला कडक भाकरी, एण्णगाई म्हणजे भरली वांगी, शेंगाचटणी. मामींनीच पाठवलेलं.

रंग शिराजच्या सालीपेक्षा उजळ, माणकासारखा नव्हे, कडेला किंचित विटकरी. वास आधी लाकडाचा, मग काळ्या मनुकेचा, मग काहीतरी हिरवं, ढोबळी मिरची कापल्यासारखं; कॅबर्नेत तो असतोच. तोंडात घेतली तर गोडी मुळीच नाही. पहिल्या घोटाला मला काही विशेष वाटलं नाही, खरं सांगतो. दुसऱ्या घोटाला एण्णगाईचं तेल आणि शेंगदाण्याचा कूट तोंडात होता आणि मग ती वाइन कळली. तुरटपणा तेल कापून गेला आणि मागं एक स्वच्छ, लांब चव राहिली. जड नाही, चिकट नाही, कुठं ओरडत नाही. हल्लीच्या बऱ्याच देशी रेड वाइन पहिल्या घोटातच सगळं सांगून मोकळ्या होतात. ही हळूहळू बोलते. पेला संपेस्तोवर दोनदा बदलली.

मामा बाजूला खाटेवर. नंदूनं विचारलं, "वास तरी घ्या मामा. वास घेतल्यानं माळ बाटत नाही." मामांनी पेला घेतला. द्राक्षाचा माणूस, त्यांनी नंदूसारखा पेला गोल फिरवला नाही, नुसता नाकाखाली धरला, बराच वेळ.

"ह्याला बागंचा वास न्हाई. लाकडाचा हाय."

"ओकच्या पिंपात ठेवतात ना मामा, त्याचा."

"मग तू सकाळपास्नं जमीन जमीन करायलास, ती कुठं हाय ह्यात?"

नंदू बराच वेळ बोलला. मुरमाची, निचऱ्याची, रात्रीच्या गारव्याची, मुळांची गोष्ट. मला मामांचं पटलं, अर्धं तरी. हंपीच्या दगडी मुलखाचा वास त्या पेल्यात आहे असं मला शपथेवर सांगता येणार नाही. पण पुढच्या वर्षी त्याच मळ्याची बाटली यंदाच्या शेजारी ठेवली आणि पाऊस वेगळा पडला असेल, तर ते कळेल असं वाटतं. तेवढं बेदाण्यात कळत नाही, कारण तिथं कोणी दोन वर्षांचा माल शेजारी शेजारी ठेवतच नाही.

"साखर कुठं गेली पन?" सचिनला हाच प्रश्न पडला होता. "चोवीस ब्रिक्सचं द्राक्ष आनि गोड कसं न्हाई?"

यीस्टनं खाल्ली. साखर खाऊन तिचं अल्कोहोल केलं आणि वायू सोडला. चोवीस ब्रिक्सला साधारण तेरा-साडेतेरा टक्के. सचिननं पेल्याकडं बघितलं आणि म्हणाला, "म्हंजी आमी पानी उडवतो आनि त्ये साखर उडवतात." मामा हसले. त्या रात्री सगळ्यांत नेमकं तेच बोललं गेलं.

सोमवार, तिकोटा – विजापूर

मामा पहाटेच शेडवर गेले, आभाळ भरून आलं होतं. पडलं काही नाही. आम्ही निघालो.

तेलसंग ओलांडून विजापूर जिल्ह्यात शिरलो की दोन्हीकडं शेडच शेड. तिकोट्याचा हा भाग एकेकाळी टँकरच्या पाण्यावर बागा जगवायचा. दुष्काळात लोकांनी दिवसाला टँकर मोजून वेल वाचवलेत. आता तुबची-बबलेश्वर उपसा योजनेचं कृष्णेचं पाणी आलंय, तशी बागांची लागण वाढली.

विजापूरला गोलघुमटात गेलो आणि कुजबुज गॅलरीत शाळेच्या सहलीनं एवढा कल्ला केला होता की कुजबुजीचा प्रश्नच आला नाही. नंदूला असद बेग आठवला. अकबराचा हा वकील आदिलशाही दरबारातून आग्र्याला तंबाखू घेऊन गेला, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला. अकबरानं हुक्का ओढून बघितला. तंबाखूच्या निपाणीतल्या लोकांनी याचं एखादं स्मारक करायला हरकत नाही.

बाजारात बेदाण्याच्या आडतीवर गेलो. टेबलावर थाळ्यांत नमुने, हिरवा, पिवळा, काळपट. नंदूनं मधाळ रंगाचा उचलला, चावला आणि अडत्याला विचारलं, हा कुठल्या गावचा? अडत्यानं चिठ्ठी उलटून बघितली, चिठ्ठीवर लॉट नंबर आणि शेतकऱ्याचं नाव. "गाव लिवत न्हाई साहेब. पाहिजे तर फोन करून विचारतो." केला, तर तिकोट्याजवळचं निघालं. "जमीन कसली आहे विचारा की," नंदू म्हणाला. अडत्या हसला, पण त्यानं विचारलं. मुरमाड.

नंदूनं पंधरा किलोची पेटी घेतली. बंगळूरच्या गाडीत ती सीटखाली बसेना, हमालानं दोनदा फिरवून बघितली आणि शेवटी दाराशी ठेवली. निघताना खिडकीतून त्यानं सांगितलं, शेजाऱ्यांना त्या शिराजच्या काड्या एप्रिलच्या छाटणीत फेकू नका म्हण, पाच-सहा काड्या ओल्या कागदात गुंडाळून ठेवा. मी मामांना फोन लावला. मामा म्हणाले, "काड्या ठेवतो. पन लावनार कुठं? बंगळुरात गच्चीवर?" मग मागनं मामींचा आवाज, आणि मामा परत फोनवर: "खरड छाटनीला ये म्हनत्यात. आनि येताना कुंदा आन, दुसरं काय बी आनू नगंस."